सुपारी आली नाही

कचेरीत पेपर वाचायचे ते केशवराव, आणि ऐकायचं बाकीच्यांनी, अशी रीत होती. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपराची घडी करून सरळ शेजारच्या धर्मपालच्या टेबलावर आपटली. अमरावतीच्या एका क्रीडा मंडळानं वऱ्हाडातल्या गेल्या दहा वर्षांतल्या नामवंत खेळाडूंचा सत्कार ठरवला होता. कुस्ती, मल्लखांब, खो-खो, पोहणं, धावणं, सगळ्या खेळांतले. आणि हुतूतूचा सर्वोत्कृष्ट संघ म्हणून निवड झाली होती बाळापूरकडच्या एका खेड्याच्या पंचावन्न सालच्या संघाची. सात नावं छापली होती, त्यात सातवं धर्मपालचं.

"तू तं मोठा मानूस निंगाला रे! पेढे कवा देतं?"

"बोलावनं तं येऊ द्या, केशवराव."

"हे काय मंग? पेपरात नाव आलं न!"

"पेपर साऱ्या जगाले बोलावते," धर्मपाल म्हणाला आणि फायलीत तोंड खुपसून बसला.

केशवरावांना ते कळलं नाही, कारण ते त्या गावचे नव्हते. त्या गावात संघाची यादी कुठं लागत नसे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कप्तान खुशालराव घरोघर फिरायचा आणि गड्याच्या हातावर सुपारी ठेवायचा. सुपारी आली तो संघात, नाही आली तो घरी. धर्मपाल तेव्हा नुसता धर्मा होता आणि त्याचं घर गावकुसाबाहेर होतं. खुशालराव तिथंही यायचा. मैदानात दोघं एकमेकांचा हात धरून साखळी करायचे, पण दारात उभा राहून खुशालराव सुपारी हातावर वरून टाकायचा. धर्माला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. येतो ना, एवढं त्याला पुरे होतं. माणूस तरणा असला की थोडक्यात खूश होतो.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. धर्मा धर्मपाल झाला. गावानं विहिरीवरून तोंडं वाकडी केली. पण संघात भांडण झालं नाही, कोणी शिवी दिली नाही, तू नको असंही कोणी म्हटलं नाही. पुढचा सामना आला, आदल्या दिवशी धर्मपाल अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसला, आणि सुपारी आली नाही. एवढंच. मारलं असतं तर सोसलं असतं त्यानं.

मग सरकारी नोकरी लागली आणि तो अकोल्याला आला. आई गेल्यावर गावी जाणंही सुटलं. आणि आता, सात वर्षांनी, त्याच्या मनानं पुन्हा ओट्यावर बैठक मारली. खुशालराव येईल का? बाळापूरहून अकोला असं लांब ते किती! रोज संध्याकाळी तो खोलीचं दार उघडं ठेवून बसू लागला. एक जादा कपबशी आणली. मग खुशालराव आपल्या घरचा चहा पिईल की नाही, ह्याचाच विचार करत बसला. कपबशी कोरीच राहिली.

सत्काराच्या दिवशी तो जाणार नव्हता. बिनबोलावता जाणारा का तो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि ह्याचा तर सुंभही जळला नव्हता. पण सकाळी पाय आपसूक एस.टी.त चढले. अमरावतीत एक काम आहे, असं त्यानं केशवरावांना सांगितलं. काम कसलं, ते त्यालाच विचारायला हवं होतं.

मांडव भरलेला होता. तो मागच्या रांगेत बसला. पैलवानाला फेटा बांधला, मल्लखांबवाल्याला शाल दिली, खो-खोच्या मुलीला ढाल दिली तेव्हा बायकाही उठून टाळ्या वाजवू लागल्या. मग हुतूतूचा संघ. सहा जण वर आले. पोटं सुटलेली, पंजाबरावाचं तर टक्कल पडलेलं. धर्मपालला एकदम हसू आलं. सहाही जण सवयीनं हात धरून उभे राहिले. खुशालराव आणि पंजाबराव यांच्या मधली जागा मात्र मोकळी होती.

"संघातले सातवे खेळाडू धर्मपाल गैरहजर आहेत," कर्ण्यातून आवाज आला.

धर्मपाल उठून उभा राहिला. आपण कधी उठलो ते त्याला कळलं नाही.

"बसा न भाऊ! आमाले दिसू द्या," मागून कोणीतरी सदरा ओढला.

तो बसला. फोटोवाल्यानं जवळ सरका म्हणून हात केला. खुशालराव क्षणभर थांबला, मग सरकला आणि त्यानं पंजाबरावाचा हात धरला. फोटो निघाला. लोकांबरोबर धर्मपालनंही टाळ्या वाजवल्या.

स्टँडवर अकोल्याच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता, तेव्हा खुशालरावानं त्याला ओळखलं. संघाला मिळालेली ढाल हातात सांभाळत तो खिडकीखाली आला.

"धर्मा? तू आलता? मंग वर काहून नाई आला?"

"मले बोलावलं कोनी?"

"मले वाटलं, तू आता आमच्यात येत नसशीन." खुशालरावानं मान खाली घातली. मग ढाल वर केली. "हे घे. तुह्याजवळ राहू दे. तुह्यावाचून भेटलीच नसती."

"खेळाआधी देतात ते बोलावनं, खुशालराव. खेळ झाल्यावर वाटतात तो परसाद. अन् परसाद म्या सोडला."

बोलण्यात त्यानं गडी बाद केला खरा, पण मनाला गोड लागलं नाही. खुशालराव ढाल घेऊन तसाच उभा होता. म्हातारा दिसत होता.

"गावाकडे ये न एकडाव," तो म्हणाला.

"कोनाच्या घरी येऊ? माय तं गेली."

खुशालरावानं तोंड उघडलं. माह्या घरी, एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. खुशालराव दोन पावलं सोबत चालला आणि थांबला. धर्मपाल मात्र गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून होता. अजूनही तो म्हणेल, असं त्याला वाटत होतं.