लेखकरावांच्या बारा पेन्सिली

मी एक जुना शार्पनर आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेला, लोखंडी, हँडल फिरवायचा. तुमच्या कंपासपेटीत लोळतात ती पोरं माझी लांबची नातेवाईक. तेव्हा मित्रांनो, थोडी घमेंड मला शोभते.

कारखान्यात माझ्या पात्यांना धार लावली, वरून हिरवा रंग दिला आणि मी एका शाळेत रुजू झालो. तिथे एकवीस वर्षं मान मोडून राबलो. मुलं रांग लावत, टोक काढत आणि धावत सुटत, कारण त्यांना खरोखरच काहीतरी लिहायचं असे. हेडबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शिपाई रजेवर गेला तरी चालेल, हा बिघडता कामा नये." पुढे शाळेने जुनं सामान काढलं, एका लेखकाने मला उचललं आणि माझ्या आयुष्याचं मातेरं झालं.

हा लेखक नाटकं लिहितो. म्हणजे, तसं तो सांगतो. त्याचा नियम असा, की बारा पेन्सिलींना सुईसारखं टोक असल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. बारावीला टोक येईपर्यंत पहिली त्याला बोथट वाटायला लागते. पुन्हा घरघर सुरू. महिन्याभरात तीन डझन पेन्सिली माझ्या पोटात गेल्या आणि कागदावर साडेतीन ओळी उतरल्या. कुणी विचारलं की हा कपाळावर हात ठेवून म्हणणार, "आतून काही येत नाहीये." माझ्या आतून मात्र पिशव्या भरभरून भुसा येत होता.

त्याच घरात त्याची मावशी राहते. तीस वर्षं तिने नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे विंगेतल्या अंधारात संहिता घेऊन उभं राहायचं आणि अडलेल्या नटाला शब्द पुरवायचे. लेखकरावांच्या या नव्या नाटकात तिला पहिल्यांदाच काम मिळालं होतं, लॉण्ड्रीवाल्या बाईचं. बाकी नाटक आधीच लिहून, बसवून झालं होतं. त्या बाईचं शेवटचं बोलणं तेवढं यायचं होतं.

शनिवारी सकाळी दिग्दर्शिकेचा फोन आला. संध्याकाळपर्यंत पानं आली नाहीत, तर मंडळी जुनंच नाटक करणार. जुन्या नाटकात मावशीला काम नव्हतं. तिची जागा पुन्हा विंगेत.

हे ऐकून लेखकरावांनी काय केलं? पेन्सिलींचा नवा डझन फोडला.

मावशीने येऊन माझ्या तोंडातली पेन्सिल उपसली आणि त्याच्या हातात कोंबली.

"अगं, बोथट आहे ती."

"तू तरी कुठे टोकदार आहेस? बस खाली."

"मावशी, काळजाला हात घालील असं वाक्य हवंय मला."

"नट अडला की मी त्याला काळीजबिळीज देत नाही रे. पुढचा एक शब्द देते. बाई दुकान कायमचं बंद करतेय ना? आधी काय करते?"

"इस्त्री बंद करते."

"लिही."

"हे काय लिहायचं? अगदी फालतू आहे."

"फालतू लिही. मग?"

"मग... एक शर्ट उरलाय. कुणी न्यायलाच आलं नाही."

"कुणाचा?"

त्याने कागद जवळ ओढला. मग लिहायला लागला. जाड, गिचमिड अक्षरात पाच पानं. मी कडेवरून वाचली. निम्मी खरंच फालतू होती, पण त्या शर्टापाशी मावशीने चष्मा काढून पुसला. त्याने फालतू निम्मं खोडलं आणि उरलेलं संध्याकाळी पाचच्या आत पोचतं केलं. ज्याला महिनाभर तो प्रतिभा रुसली म्हणत होता, ती शुद्ध भीती होती: वाईट लिहिलं तर लोक काय म्हणतील.

पहिल्या प्रयोगाहून मावशी चेहऱ्याचा रंग न पुसताच परतली.

"लोकांना आवडलं?" त्याने विचारलं.

"लोकांकडे कोण बघतंय? विंगेत संहिता घेऊन एकजण उभा होता," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

आता माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मित्रांनो, तुमच्याकडे माझा भाऊबंद असेल तर त्याचा भुसा वेळेवर काढा, पात्यांना तेलाचं बोट लावा. पण समोर कोरा कागद ठेवून उगाच हँडल फिरवत बसलात, तर तो मनातल्या मनात तुम्हाला जे म्हणेल, ते इथे लिहिण्यासारखं नाही.