पिवळ्या बैठकीतली दोरी

त्या घरात बाईंना नावाने कोणीच हाक मारत नसे. समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'हात-नका-लावू बाई'. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं.

घर म्हणजे राज्यप्रमुखांचं सरकारी निवासस्थान. निवडणुका होत, साहेब बदलत, त्यांच्याबरोबर स्वयंपाकी आणि कुत्री बदलत. पण सोन्याच्या मुलाम्याचं घड्याळ, लाखकाम केलेलं काळं कपाट, माणसाच्या खांद्याला लागतील अशा चिनी मातीच्या फुलदाण्या, भिंतभर विणलेला शिकारीचा देखावा, हे सगळं होतं तिथेच राही आणि त्याची राखण करत बाईही. नवं कुटुंब आलं की बाई त्यांना घरभर फिरवून आणत. इथे ग्लास ठेवायचा नाही, याला टेकायचं नाही, हा पडदा दुपारी उघडायचा नाही. मागच्या एका साहेबांनी वैतागून विचारलं होतं, "श्वास घेतला तर चालेल ना?" बाई जराही न हसता म्हणाल्या होत्या, "घ्या की. फक्त त्या आरशापासून लांब उभे राहा."

या खेपेचे साहेब आले ते आईला घेऊन. आजींचं उभं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं. आवाज अजून खणखणीत, गुडघे मात्र पार कामातून गेलेले. साहेब आणि मॅडम सकाळी बाहेर पडत ते दिवेलागणीला उगवत. आजींना बोलायला माणूस लागे. घरात माणसांचा सुकाळ होता, पण जो तो तोंडाला कुलूप लावून आपापल्या कामात. मग आजी काठी टेकत एकेका दालनातून फिरत, आणि असं फिरता फिरता त्यांना पिवळ्या बैठकीतली कानवाली खुर्ची सापडली.

खिडकीशी ठेवलेली उंच पाठीची खुर्ची होती ती. पाठीच्या दोन्ही बाजू कानांसारख्या पुढे आलेल्या, त्यामुळे बसलेल्याच्या मानेला वारा लागत नसे. अंगभर पक्ष्यांचं भरतकाम, दोनशे वर्षांपूर्वीचं. रेशीम इतकं जीर्ण झालेलं की बोटाने दाबलं तर धागा सुटावा. आजींना पक्ष्यांचं काही नव्हतं. त्यांना तिची उंची आवडली. बसलं की पाय नीट जमिनीला टेकत आणि हातांवर जोर देऊन कुणाच्या मदतीवाचून उठता येई.

पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं आणि त्या तरातरा पुढे आल्या.

"आजी, उठा आधी. ही बसायची खुर्ची नाही."

"मग काय झोपायची आहे?" आजी म्हणाल्या.

"ती बघायची आहे."

"अहो, मी इथे बसून खिडकीबाहेर बघतेच आहे की."

बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि पलीकडच्या नव्या सोफ्यावर बसवलं. सोफा मऊ होता, खोल होता. आजी त्यात बसल्या की बुडल्याच. बाहेर यायला दोन माणसं लागत. आजींनी मॅडमकडे तक्रार केली. मॅडम म्हणाल्या, "आई, ते सगळं देशाचं आहे, आपलं नाही. बाई सांगतात तसं करा ना." त्या वाक्याने बाईंची छाती चांगली दोन बोटं फुगली.

आजी पुन्हा तिथे सापडल्या. आणि पुन्हा. शेवटी बाईंनी घरी जाऊन थोरल्या बहिणीला काम सांगितलं. ताई विधवा होती, बाईंजवळच राहायची आणि घरी शिवणकाम करायची. जुन्या पडद्याच्या सोनेरी गोंड्यांचे उरलेले धागे घेऊन तिने एक सुरेख दोरी वळून दिली. "पाहुण्यांना वाटेल, खुर्चीचाच दागिना आहे," ती खुशीत म्हणाली. बाईंनी ती दोरी खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत बांधली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग बाईंच्या लक्षात आलं की डावीकडची गाठ आपली नाही. आपण मारतो त्याच्या उलट्या बाजूने मारली आहे. म्हणजे आजी दुपारी सगळे जेवायला गेले की एक टोक सोडतात, मजेत बसतात आणि चहाच्या आधी पुन्हा बांधून ठेवतात. बाईंना राग आला. पण रागापेक्षाही त्यांना चोर पकडण्याची हौस आली, आणि पुढे त्यांना टोचत राहिलं ते हेच. त्यांनी मॅडमना सांगितलं असतं, आजींना समजावलं असतं, नाहीतर निदान तितक्या उंचीची दुसरी खुर्ची मागवली असती. ते न करता त्या एके दिवशी जेवण अर्धवट टाकून उठल्या आणि मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा वाजवत पिवळ्या बैठकीकडे निघाल्या.

दाराशी पोहोचेपर्यंत आतून धप्पकन आवाज आला.

आजी फरशीवर आडव्या पडल्या होत्या. किल्ल्या ऐकून घाईने उठायला गेल्या असणार. सोडलेली दोरी खाली लोंबत होती, तिचा वेढा पायात अडकलेला. चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंना बघून त्या कशाबशा म्हणाल्या, "मी हात नाही लावला हं."

बाई धावल्या. पण धावता धावता त्यांची नजर आधी खुर्चीवर गेली. हात तुटला नाही ना, कापड फाटलं नाही ना. डोळ्याचं पातं लवेल तेवढाच वेळ, पण गेली. मग त्या खाली बसल्या, आजींचा पाय दोरीतून सोडवला, दुसरं टोक सोडलं आणि दोरी कोटाच्या खिशात कोंबली. का कोंबली, हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यानंतर त्यांनी हाका मारल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आजींना दवाखान्यात हलवलं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. औषधांच्या गुंगीत आजींना धड काही आठवत नव्हतं. "पाय गेला" एवढंच त्या म्हणत. मॅडमनी बाईंना विचारलं, "तुम्हीच पहिल्या पोहोचलात ना? काय झालं असेल?"

बाईंच्या तोंडून निघालं, "फरशी फार गुळगुळीत आहे तिथली."

खोटं एवढंच. एका वाक्याचं. पण त्या वाक्याला पाय फुटले. फरशीचं काम आरसेकाकांकडे होतं. ते मेण लावून लाकडी फरशी अशी घासत की तिच्यात वरचं झुंबर दिसे, म्हणून त्यांचं नाव आरसेकाका पडलेलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं घरातलं काम बंद झालं आणि त्यांची रवानगी मागच्या गॅरेजात, गाड्या धुवायला झाली.

आता आरसेकाका भांडले असते, "माझ्या फरशीवर आजवर कोणी घसरलं नाही" म्हणून आरडाओरडा केला असता, तर बाईंना थोडं सोपं गेलं असतं. पण बाई गॅरेजावरून जात असताना आरसेकाकांनीच त्यांना थांबवलं. हातातला ओला फडका पिळत म्हणाले, "बाई, तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात. कशा आहेत हो आजी?"

"बऱ्या आहेत."

"मी गेलो होतो काल. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय तोंड दाखवू? त्या दिवशी खिडकीजवळ मेण जरा जास्तच झालं असणार माझ्या हातून. हल्ली नजर कमी झालीय, कोणाला बोललो नाही." "माझी आई अशीच पडून गेली. मला कळायला हवं होतं."

बाई "हं" म्हणाल्या. आपला गुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकला, तर तो माणूस झटकूनही टाकत नाही, उलट पदरमोड करून सांभाळतोय, हे त्यांना बघवेना. त्या घाईने तिथून निघाल्या.

घरी ताई चष्मा कपाळावर चढवून मशीनपाशी बसली होती. बाईंचा कोट खुंटीला लावायला गेली तर खिशातून सोनेरी टोक बाहेर आलं.

"अगं, ही परत का आणलीस? सैल झाली होय? दे, घट्ट वळून देते."

बाई मटकन खाली बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर दोरी मशीनवर ठेवून ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या हातच्या दोरीने म्हातारी पडली."

"तुझा काय दोष त्यात?"

"दोष नाही ते मलाही कळतं. पण आता माझ्या डोळ्यापुढून ती हलणार नाही. तू बोलली नाहीस ना, तर हे असंच वाटलं जाईल सगळ्यांत. तो बिचारा फरशीवाला, मी, उद्या आणखी कोणी. सगळ्यांना थोडं थोडं, आणि तू आपली मोकळी."

"मी कुठे मोकळी आहे!"

"मग जा आणि सांग."

सकाळी बाई आधी गॅरेजात गेल्या. त्यांना वाटलं होतं, आरसेकाकांचा चेहरा खुलेल. तसं काही झालं नाही. ते गाडीच्या काचेकडे बघतच शांतपणे म्हणाले, "इतके दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नाही, बाई. काल मी विचारलं तेव्हा तरी सांगायचं होतं." आणि पाठ फिरवून पुन्हा काच पुसायला लागले.

मॅडमनी उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "तुम्हाला काढायला हवं," त्या म्हणाल्या. "पण या वस्तूंची माहिती दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून ठेवते. तुमच्यासाठी नाही, हे लक्षात असू द्या." आयुष्यभर ज्या गोष्टीचा बाईंना अभिमान होता, त्याच गोष्टीने त्यांची नोकरी वाचवली होती, आणि बाईंना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

आजी घरी आल्या त्या खाटेवरूनच. तळमजल्यावरची एक खोली त्यांच्यासाठी रिकामी केली होती. बाई तिथे गेल्या, दाराशी उभ्या राहून दोरीचं, किल्ल्यांचं, खिशाचं, सगळं बोलल्या. खुर्चीकडे आधी बघितलं, तेही बोलल्या. ते कुणालाच कळलं नसतं.

आजी छताकडे बघत होत्या. "म्हणजे मी रोज चोरून बसत होते, हे सुनेला कळलं?"

"हो."

"कमाल आहे तुमची! मला आठवत होतं हो थोडं थोडं. म्हणून तर गप्प बसले होते." त्या चिडल्या होत्या, आणि कशासाठी चिडल्या हे ऐकून बाईंना रडावं की हसावं कळेना. मग आजींचा आवाज खाली आला. "पण त्या मेणवाल्याचं मला कोणी सांगितलं नाही. त्याला बोलवा आधी."

"बोलवते. आजी, मला माफ..."

"ते आत्ता मागू नका. आत्ता फार दुखतंय. दुखत असताना मी काहीतरी बोलून जाईन."

आरसेकाका घरात परत आले. खिडक्यांपाशी मेण न लावण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मुकाट पाळला. बाईंशी ते कामापुरतं बोलत, "हे उचला", "तिकडे धरा", एवढंच. पूर्वी फडके वाळत घालताना ते बाईंच्या शिस्तीची नक्कल करून हसवत, ते बंद झालं ते बंदच. आजींच्या खोलीत मात्र ते दुपारी जाऊन बसत, आणि बाहेर दोघांच्या गप्पांचा आवाज येई.

आजींसाठी उंच, कडक बैठकीची साधी लाकडी खुर्ची आली. बाजारात ती केव्हाही मिळाली असती. ती गाडीतून उतरवून घेताना बाईंनी वितीने तिची उंची मोजली; कानवाल्या खुर्चीएवढीच होती.

पुढे डॉक्टरांनी आजींना चालायला सांगितलं. नर्स एका बाजूने धरी. दुसऱ्या बाजूला कोण, असा प्रश्न आला तेव्हा बाई पुढे झाल्या. आजींनी त्यांच्याकडे बघितलं, नको म्हणाल्या नाहीत. व्हरांड्यात एकेक पाऊल टाकताना त्या बाईंचा दंड असा आवळून धरत की रात्री त्यावर निळे वळ दिसत. ताई ते बघे आणि तेल गरम करून आणी.

"चोळू का?"

"नको," बाई म्हणत. "राहू दे."