हवी ती गाठ फोडा

अमेरिकेतल्या कुठल्याशा लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि अमरावतीच्या पेठेत बऱ्याच जणांना आपल्याला अक्कलही आल्याचा भास झाला. कुणी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारल्या. कुणी मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि वेळ विचारायला शेजाऱ्याकडे जाऊ लागला. शालिकरामाने सरकी काढायच्या वाड्यात हंड्या-झुंबरं टांगली. खाली बायका रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी चरकावर, कापूस वटत बसायच्या आणि झुंबराच्या लोलकांवर कापसाची लव चढायची.

शालिकराम मूळचा शेतकरी. कापूस घ्यायचा, सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या पेढीला विकायच्या, एवढा त्याचा धंदा. पण आपण धंदा करत नसून माणसांना खेळवतो, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. अकोल्याला एका लग्नात त्याने गयासुद्दीन नावाच्या पत्तेवाल्याचा खेळ पाहिला. वऱ्हाड्यांतला जो येईल त्याने हवा तो पत्ता काढावा, आणि तो नेमका गयासुद्दीनने आधीच सांगून ठेवलेला निघावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालिकरामाच्या डोक्यात मात्र पत्त्यांच्या जागी कापसाच्या गाठी दिसू लागल्या.

पेढीचा पारखी माल घ्यायला आला की रांगेतली एखादी गाठ फोडून पाहायचा. तिच्यात जसा कापूस तसा सगळ्या रांगेचा भाव. पारख्याचं बोट कुठे पडेल हे आपल्या हातात असलं तर?

त्याने गयासुद्दीनला अमरावतीला बोलावून घेतलं आणि ठेवूनच घेतलं. गयासुद्दीन तोंडाने फटकळ होता, आणि शिष्य कितीही पैसेवाला असला तरी त्याला शिष्यच म्हणायचा.

"पत्ते पंख्यासारखे पसरा," तो सांगायचा. "हवा तो पत्ता मधात. समोरच्याचं बोट निघालं की पंखा हळूच सरकवा, का पत्ताच बोटाखाली गेला पाहिजे. ढकलू नका, सेठ! बैल हाकून राहिले का?"

"ढकललं कुठं?"

"तुमचे डोळे ढकलून राहिले. हातापयले डोळेच पत्ता दाखवतात. आंधळ्यालेबी समजन."

दुसरी युक्ती शालिकरामाला जास्त आवडली, कारण तिच्यात हात चालवायचा नव्हता, नुसती जीभ. पत्त्यांच्या दोन गड्ड्या करायच्या आणि विचारायचं, कोणती? समोरच्याने हवी ती दाखवली तर म्हणायचं, "ठीक, हीच घेऊ." नको ती दाखवली तर तितक्याच सहज म्हणायचं, "ठीक, ती बाजूला ठेवू." समोरच्याला वाटतं, निवड आपलीच.

"हे तर मले जन्मापासून येते," शालिकराम म्हणाला. गयासुद्दीनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विडा तोंडात टाकला.

सरावासाठी घरात माणसं होतीच. मुनीम, गाडीवान, पाहुणे, सगळे तो देईल तोच पत्ता काढायचे. निम्मे फसायचे आणि निम्मे मालक म्हणून काढायचे. शालिकरामाला दोन्हींतला फरक कळत नव्हता. एक दुर्गाबाई, त्याची बायको, तेवढी दर वेळी भलताच पत्ता ओढायची.

"काहून वं, हा काहून घेतला?"

"तुमी तो दुसरा घे म्हून इतकं आर्जव करून राहिले, म्हून हा घेतला," ती म्हणाली आणि रेच्यांकडे निघून गेली. बायकांचं काम तीच पाहायची.

दुर्गाबाईचा भाऊ जानराव बार्शीटाकळीला शेती करायचा. त्याचा कापूस स्वच्छ आणि लांब धाग्याचा, पेढीवाले त्याचं नाव ओळखून होते. शालिकराम तो सगळा घ्यायचा. त्या वर्षी त्याने त्यातल्या थोड्याच गाठी जशाच्या तशा बांधल्या. बाकीच्यांत भिजवलेली सरकी, माती आणि विटांचे तुकडे भरून वरून जानरावच्या कापसाचा थर दिला. दुर्गाबाईने हे डोळ्यांनी पाहिलं.

"माझ्या भावाच्या नावावर माती विकून राहिले तुमी," ती म्हणाली.

"माती नाई, डोकं विकून राहिलो," शालिकराम म्हणाला आणि स्वतःच हसला.

पेढीचा पारखी नत्थुजी अकोल्याहून आला. सज्जन आणि थोडा सुस्त माणूस. शालिकरामाने त्याला सरबत पाजलं, आणि दोन रांगांसमोर उभं करून म्हणाला, "जानरावचा माल हाय. कोणत्या रांगेतली पाहता?" नत्थुजीने माती भरलेली रांग दाखवली. "बरं, ती मग गाड्यांवर चढवायले घेतो," शालिकराम सहज म्हणाला आणि त्याला दुसऱ्या, निर्मळ मालाच्या रांगेकडे वळवलं. तिच्यातली हवी ती गाठ नत्थुजीने फोडली. आत दुधासारखा कापूस. सौदा झाला.

एवढ्यावर तो गप्प बसला असता तर शालिकराम कसला! पेठेतल्या बैठकीत त्याने पत्त्यांचा खेळ करून दाखवला, आणि पारखी लोक कसे स्वतःच्या बोटावर भरवसा ठेवतात, यावर लांबलचक व्याख्यान दिलं. त्या बैठकीत नत्थुजीच्या ओळखीचे लोक होते, हे त्याला सुचलंच नाही.

मुंबईला गाठी फुटल्या आणि आतून माती निघाली. पेढीने नत्थुजीला पाणउतारा करणारा निरोप धाडला. पण तक्रार करणार काय? गाठ तर त्याने स्वतःच निवडली होती. बैठकीतल्या पत्त्यांच्या खेळाची गोष्टही त्याच्या कानावर आली. पुढच्या मालाला तो पुन्हा आला तेव्हा सरबताला हातही लावला नाही.

"हवी ती फोडा," शालिकराम म्हणाला. "कोणत्या रांगेतली?"

"मी नाई सांगत," नत्थुजी म्हणाला. "माह्या बोटाचा मलेच भरवसा नाई राह्यला. आज दुसरं कोनी दाखवन." त्याने वाड्यात नजर फिरवली. गाडीवानाने मान खाली घातली. रेच्यांपाशी दुर्गाबाई उभी होती. "वहिनी, तुमी दाखवा. जानरावचा माल हाय म्हनतात. बहिणीले भावाचा कापूस दिसनच."

शालिकरामाचा जीव भांड्यात पडला. घरचंच माणूस! त्याने डोळ्यांनी तिला उजव्या रांगेतली कडेची निर्मळ गाठ दाखवली. इतकं उघड दाखवलं की गाडीवानालाही दिसलं.

दुर्गाबाई पदर खोचून पुढे आली. डाव्या रांगेपाशी गेली. मधल्या गाठीवर तिने हात ठेवला.

"ही फोडा," ती म्हणाली. "आन् हिच्यात जे निघन, ते माह्या भावाचं नाई, हे पेढीले सांगा."

तरट उसवलं. वरचा थर पांढराशुभ्र निघाला. त्याखालून ओली सरकी आणि विटांचा चुरा नत्थुजीच्या पायांवर पडला. त्याने धोतर झटकलं आणि छकड्यात जाऊन बसला.

शालिकराम संतापाने लाल झाला. पण बायकोला पेठेसमोर बोलावं तर आपणच उघडे पडू, एवढं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून तो गयासुद्दीनवर धावला.

"तुमची विद्या खोटी!"

गयासुद्दीन आपलं बोचकं बांधतच होता. "सेठ, मी पत्ते शिकवले. पत्ता फाडून आत काय हाय ते कोनी पाहत नाई. गाठ फाडतात." त्याने बोचकं खांद्यावर टाकलं आणि मिळालं ते कमी की जास्त हेही न पाहता अकोल्याच्या गाड्यांकडे चालू लागला.

पेठेत बातमी पसरायला तांबूल खाण्याइतकाही वेळ लागला नाही. शालिकरामाचा माल कोणी पाहीना. शेवटी प्रत्येक गाठ फोडून कापूस निवडून काढण्याशिवाय गती उरली नाही. वटणाऱ्या बायका म्हणाल्या, माती निवडणं आमचं काम नाही. तेव्हा तो स्वतः अंगणात बसला. वाड्याचा दरवाजा उघडाच असायचा. येणारे-जाणारे थांबून बघायचे, कुणी रामराम करायचे, कुणी तेवढंही नाही.

तिसऱ्या प्रहरी दुर्गाबाई बाहेर आली. त्याच्यासमोर बसली आणि दुसरी गाठ ओढून घेतली. विटांचे तुकडे एका टोपलीत, सरकी दुसऱ्या टोपलीत.

"तू काहून आली?" त्याने विचारलं.

"कापूस जानरावचा हाय," ती म्हणाली आणि निवडत राहिली.