जर्मनचे रिवेट

धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी दादाने भावाला पत्र्याच्या कारखान्यातून हाकललं होतं. त्या बहिणीची मुलगी आता कॉलेजात जात होती, दादाने कारखाना विकून मासळीचं दुकान टाकलं होतं, आणि हाकललेला भाऊ त्याच दुकानाच्या ओट्यावर स्टीलचा पत्रा बसवत होता.

"भावोजी, झालं गेलं विसरलात, बरं वाटलं," वहिनी आत जाता जाता म्हणाली.

तो नुसता हसला.

लोक त्याला 'जर्मन' म्हणत. जुन्या माणसांच्या तोंडी अ‍ॅल्युमिनियमला तोच शब्द. बर्फाच्या कारखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला दोघा भावांनी स्टीलचा पत्रा लावला होता. स्टीलचे रिवेट संपले, म्हणून दादाने घाईत जर्मनचे मारले. खाऱ्या पाण्यात स्टीलला लागून जर्मन टिकत नाही. त्याची पांढरी भुकटी होते. पत्रा सुटला आणि एका मजुराचा पाय चिरला. दादाने चारचौघांत बोट दाखवलं, "याने मारले."

तेव्हापासून त्याच्या हाती कुणी स्टील दिलं नाही. एकोणीस वर्षं तो खिडक्यांच्या चौकटी आणि पातेल्यांची झाकणं करत राहिला.

म्हणून वहिनी काम घेऊन आली तेव्हा त्याने आढेवेढे घेतले नाहीत. पत्रा अस्सल स्टीलचा आणला, रिवेट जर्मनचे. रोज मिठाचं पाणी वाहणारा ओटा. दोन वर्षांत पत्रा आणि त्याबरोबर गिऱ्हाइकांसमोर दादाची अब्रू सुटी होणार होती.

दादा काठी टेकत आला. खिशातलं लोहचुंबक त्याने पत्र्यावरून फिरवलं, रिवेटवरून फिरवलं.

"कुठेच चिकटत नाही. माल चोख दिसतोय."

चुंबक चांगल्या स्टीलला चिकटत नाही, तसं जर्मनलाही नाही.

पण दादाचा हातही त्याच धंद्यात मुरलेला. त्याने किल्लीचं टोक एका रिवेटवर ओढलं. मऊ धातूवर लगेच चरा उठला.

"काय रे, जर्मनचे?"

"हो. ओळखीचे वाटतात का?"

दादाने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तेव्हा मीच मारले होते."

"मोठ्याने बोल. वहिनीला बोलाव."

"या वयात माझी शोभा करतोस?" दादा ओठ मुडपून हसला. "राहू देत हे रिवेट. सुटले की लोक विचारतील. सांगेन, धाकट्याने मारले. या खेपेला खोटं तरी नसेल."

जर्मनची कानशिलं तापली. एकोणीस वर्षं जो आळ झिडकारला, तो त्याने स्वतःच्या हाताने खरा केला होता. त्याने ड्रिल उचललं.

"काढतोस? मन मोठं झालं वाटतं."

"मन गेलं खड्ड्यात. माझ्याबद्दल एकही गोष्ट खरी बोलायची सोय तुला ठेवणार नाही. खोटारडा म्हणूनच मर."

चौऱ्याऐंशी रिवेट त्याने एकेक करून उडवले आणि स्टीलचे बसवले. स्टीलचा रिवेट सहजासहजी दबत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळहात सोलून निघाले. दादा शेवटपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून होता. वहिनी दोनदा डोकावून गेली. तिच्यासमोर दोघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी नऊ नोव्हेंबरला सकाळी दादा वारला. टाकीचे रिवेट कुणी मारले होते, ते त्याने दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही.