पोटमाळ्यावरचा बीपी

"आजपासून मी दुकानदार नाही," ललितने पांढऱ्या अॅप्रनची वरची गुंडी लावत जाहीर केलं. "आजपासून मी आरोग्यसल्लागार. लोक गोळी न्यायला येतील आणि आयुष्य घेऊन जातील."

काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाने हे सगळं निवांत ऐकून घेतलं. मग म्हणालं, "शेठ, डासांची कॉइल द्या. आणि लायटर असला तर बघा."

तृप्तीने कॉइल काढून दिली. तृप्ती म्हणजे ललितची बायको. दोघं एकाच वर्गात फार्मसी शिकली, एकाच वर्षी पास झाली, तिचे मार्क जरा जास्तच. पण दुकानात अॅप्रन एकच होता आणि तो ललितच्या अंगावर होता.

सातपूरला कामगार वस्तीच्या तोंडाशी त्यांचं मेडिकल. इतकी वर्षं बरं चाललेलं. मग मोबाइलवर औषधं मागवायची सोय आली, समोर काचेच्या दारांचं एसी मेडिकल आलं, आणि अंबडला कंपनीत असलेला साडू सुनील दर दिवाळीला विचारायला लागला, "काय ललितराव, गोळ्या-बिस्किटं कशी चाललीत?" हा बिस्किटांचा घाव ललितच्या फार जिव्हारी लागायचा.

अशात औषधवाल्यांच्या संघटनेने नवी टूम काढली. जमाना बदललाय, म्हणे, नुसत्या पट्ट्या कापून देणं पुरे झालं. फार्मासिस्टने पेशंटशी बोलायचं, बीपी बघायचा, काय काय खाताय ते विचारायचं. जो हे नीट करेल त्याच्या दुकानावर संघटनेतर्फे हिरवा, आतून उजळणारा बोर्ड: 'सल्ला केंद्र'. शनिवारी संघटनेच्या प्रतिभा मॅडम स्वतः पाहणीला येणार होत्या. ललितला तो बोर्ड हवा होता. झोपेतसुद्धा त्याला तो हिरवा दिसायचा, आणि बोर्डाखाली सुनीलचं पडलेलं तोंड.

एकच अडचण. पेशंटशी बोलायला खासगी जागा हवी, अशी अट होती.

"खासगी जागा?" तृप्ती म्हणाली. "अहो, इथे एकाला शिंक आली तर दुसऱ्याला बाहेर जावं लागतं."

ललितने वर बघितलं. वर पोटमाळा होता. लोखंडी शिडी, सरळ भिंतीसारखी उभी. वर ताठ बसलं की पत्रा डोक्याला लागायचा. ललितने तिथली खोकी सरकवली, चटई टाकली, बीपीचं मशीन ठेवलं आणि अगरबत्ती लावली.

पहिला सापडला मोतीराम. फर्स्ट शिफ्ट सुटून कमरेला लावायला बाम न्यायला आला होता.

"वर चला, मोतीरामभाऊ."

"शेठ, कंबर दुखते म्हणून आलोय ना मी!"

"तिचंच मूळ शोधायचंय. चला, मी मागून ढकलतो."

मोतीराम वर पोचला तो धापा टाकतच. ललितने त्याचा श्वास खाली बसायच्या आत दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन गुरगुरलं. आकडा बघून ललितचे डोळे चमकले.

"बीपी! चांगला दणदणीत! कधीपासून आहे हे?"

"शिडी चढल्यापासून," मोतीराम म्हणाला.

"थट्टा नको. हा गुपचूप मारणारा रोग आहे. आजपासून मीठ बंद, पापड बंद, लोणचं बंद. आणि डॉक्टरांना दाखवा."

मोतीराम कंबर धरून उतरला. बाम न्यायचा राहूनच गेला.

मग रांगच लागली. खोकल्याचं औषध न्यायला आलेला वेल्डर, पोराचे डायपर न्यायला आलेली मीना, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. जो वर गेला त्याला बीपी. गुरुवारपर्यंत ललितची खात्री पटली की अख्ख्या सातपूरला बीपी आहे आणि एवढी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कारणही त्याने शोधलं: कारखान्यांतल्या मशीनांचा खडखडाट. वस्तीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्याने लाल अक्षरांत टाकलं, 'सातपूरकरांनो, सावधान!'

शेजारचा मिसळवाला गोटीराम तणतणत आला. "ललितशेठ, काय चालवलंय? लोक रस्सा अळणी मागायला लागले! अळणी! मिसळीचा!"

"गोटीराम, तुझा आवाज बघ. वर चल."

गोटीरामचा आकडा सगळ्यांच्या वरताण निघाला.

समोरच्या डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुम्ही पाठवलेल्या सगळ्यांचे बीपी माझ्याकडे नॉर्मल येतायत. मशीन तपासून घ्या तुमचं."

ललितने नवं मशीन आणलं. त्यातही तेच. "जळतात," तो तृप्तीला म्हणाला. "फार्मासिस्ट पुढे गेला की डॉक्टर जळणारच."

"अहो, माणूस शिडी चढून आला की जरा टेकू तरी द्या त्याला."

"तू काउंटर बघ."

या सगळ्या आजारी गावात एकच माणूस ठणठणीत निघाला होता. रंगूबाई. सायखेड्याची म्हातारी, लेकीकडे राहायला आलेली. जन्म टोमॅटोच्या शेतात गेलेला, त्यामुळे शिडी तिने पोरीसारखी चढली. वर तिचा बीपी अगदी पुस्तकातल्यासारखा आला. ललित हरखला. तिच्या बीपीच्या गोळ्या तोच तर देत होता, ती इथे आल्यापासून! त्याने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'आदर्श रुग्ण', आणि शनिवारी मॅडमसमोर यायचं तिला आमंत्रण दिलं.

शनिवारी प्रतिभा मॅडम आल्या. ललित त्यांना वर घेऊन गेला. पत्र्याला डोकं आपटलं तरी त्या हसल्या.

"आधी माझाच बघा."

ललितने बघितला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, घाबरू नका. मीठ कमी करा."

"मला? मी परवाच सगळी तपासणी केलीय." मॅडमनी आकड्याकडे बघितलं, मग शिडीकडे, मग ललितकडे. "तुमचा बघू."

ललितचा त्यांच्याहून वर गेला. रोज पहाटे गोदाकाठाने पळणाऱ्या माणसाचा. तो आकड्याकडे बघतच राहिला. खालून तृप्तीचा आवाज आला, "आता तरी टेका जरा!"

पाचेक मिनिटं दोघं गप्प बसून राहिले. पुन्हा मोजलं. दोघांचेही नॉर्मल.

"म्हणजे तुम्ही आठवडाभर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शिडीचा बीपी मोजलात."

ललितच्या डोळ्यांपुढचा हिरवा बोर्ड विझला. पण त्याने शेवटची काडी धरली. "मॅडम, एक पेशंट बघा. फक्त एक. मग काय तो निकाल द्या."

रंगूबाई खाली नवं लुगडं नेसून तयार होती. तृप्तीने तिला दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाय जमिनीवर, हात काउंटरवर. "मावशी, आता जरा गप्प बसायचं हं."

"किती येळ?"

"थोडाच."

"येवढा येळ तर मी म्हाताऱ्यापुढं बी गप नाय बसले."

बसली कशीबशी. ललितने मशीन लावलं. आकडा आला आणि त्याचं तोंड उतरलं. बीपी पार खाली. इतका खाली, की आदर्श रुग्ण उभी कशी राहते याचंच आश्चर्य.

"मावशी, चक्कर येते का?"

"येती की. सकाळी उठलं का घर फिरतं. म्हनलं, वयाचं आसंल."

"गोळ्या कोणत्या घेता? दाखवा."

रंगूबाईने कमरेची पिशवी सोडली. एक गुलाबी गोळ्यांची पट्टी, एक पांढऱ्या. "ही गुलाबी सायखेड्याच्या डाक्टरची, बीपीची. ही पांढरी हितल्या डाक्टरची. ती बी बीपीची. दोन्ही रोज."

ललितने पट्ट्या उलट्या करून वाचल्या. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आत औषध एकच. म्हातारी दुप्पट डोस गिळत होती. त्यामुळेच तर शिडी चढूनही तिचा आकडा पुस्तकातल्यासारखा आला होता.

"ही पांढरी कुठून घेता?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच्याच दुकानातून की! लय चांगला पोरगा हाय. कधी काय इचारत नाय."

ललितने अॅप्रनची वरची गुंडी काढली. मग समोरच्या डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही नावं सांगितली, आकडा सांगितला. एकही मोठा शब्द वापरला नाही. डॉक्टरांनी पांढरी बंद करा, म्हातारीला लगेच पाठवा, असं सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "बरं झालं विचारलंत."

"मावशी, पांढरी आजपासून बंद. आणि आत्ताच समोर चला, मी सोडतो."

"आन पैशे देऊन घेतलेल्या, त्या फेकू का काय?"

"मी परत घेतो."

"मंग चल."

ललित तिला हात धरून डॉक्टरांकडे सोडून परतला तेव्हा मॅडम पर्स उचलून निघाल्या होत्या. "बोर्ड सोमवारी पाठवते," त्या म्हणाल्या. "पण दोन अटी. पोटमाळ्याला कुलूप, खासगी जागा म्हणून दाराशी ती खुर्ची चालेल. आणि दुसरा अॅप्रन."

"दुसरा कुणाला?"

मॅडमनी तृप्तीकडे बघितलं. तृप्ती गिऱ्हाइकाला विचारत होती, "याच्याआधी काही घेतलंय का तुम्ही?"

ललितने त्याच संध्याकाळी ग्रुपवर माफी मागितली आणि सातपूरला मीठ परत दिलं. सुनीलला मात्र फोन करून सोमवारी बोर्ड बघायला यायला सांगितलं.

सोमवारी बोर्ड आला. सुनील आला, प्रतिभा मॅडम आल्या, नारळ फुटला. बोर्ड बसवताना ड्रिल भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात गेलं. पाणी थेट खालच्या कप्प्यात शिरलं. तिथे मोठ्या माणसांच्या डायपरचं उघडं खोकं होतं. डायपर फुगले, कप्प्याचं दार बिजागरीसकट निघालं आणि सुनीलच्या पायावर पडलं. दुकानातली बँडेजं भिजून गेलेली, त्यामुळे त्याला समोरच्या एसी मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून द्यावं लागलं.