पूजेतलं मशीन

सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, मराठी वस्तीच्या इचोड्याला हमरस्त्यावर, ढाब्यांच्या रांगेत महिपतचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हाताचा पक्का. कॉम्प्रेसरला कान लावला की दुखणं ओळखायचा. थंड बाटल्यांच्या पेट्या असोत, दवाखान्यातला लसींचा फ्रिज असो, सगळं त्याच्याच हातून जायचं. गॅस बदलायचा तर नळी कापायची, जुना गॅस फुस्सदिशी हवेत सोडायचा आणि नवा भरायचा. उस्तादाने असंच शिकवलं होतं.

तो सोडलेला गॅस वर जाऊन ओझोनच्या थराला भोकं पाडतो आणि हे थांबवायच्या करारावर देशोदेशींनी सह्या केल्यात, हे महिपतला अठ्ठ्याण्णव साली कळलं. आपल्या देशाची सही दिल्लीत कुणी केली देव जाणे, पाळायची मात्र महिपतने होती. त्यासाठी सरकारने त्याला हैदराबादला शिकायला बोलावलं आणि परत येताना एक मशीन दिलं. फ्रिजमधला गॅस हवेत न सोडता ओढून टाकीत भरणारं. बोली एवढीच होती, की आसपासच्या मेकॅनिक लोकांनाही ते शिकवायचं आणि लागेल तेव्हा वापरायला द्यायचं.

आता खरी गोष्ट सांगायची, तर त्या शिकवणीतलं महिपतला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. एक मास्तर इंग्रजीत बोलायचे, दुसरे पुस्तकी तेलुगूत. महिपतचं तेलुगू बाजारापुरतं. भाव करावा, शिवी समजावी, इतपत. बाकीचे माना हलवत, म्हणून हाही हलवी. एकदा मास्तरांनी नेमकं याच्याकडेच बोट करून विचारलं, समजलं का? महिपत ताडकन म्हणाला, "अवुनु सार!" हो सर! तेव्हा नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण विचारलं की अडाणी ठरलो, ही भीती भल्याभल्यांना खाते, महिपत तर साधा माणूस.

इचोड्यात मात्र हैदराबादला शिकून आलेला पहिला मेकॅनिक म्हणून बसस्टँडवरच लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. महिपतला तो हार टोचत होता. आता कुणी म्हणालं, चालवून दाखव, तर?

खंडेनवमी धावून आली. बायकोने, शकुबाईने, पान्हे-पकडींसोबत मशीनलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी पान्हे कामाला लागले, मशीन पाटावरच राहिलं. कुणी हात लावायला गेलं की महिपत म्हणे, "पूजेतलं हाय, दुरून पाहा." लोकांना ते पटलं. एवढं मोठ्या मोलाचं, परदेशातून आलेलं, ते असंतसं कसं वापरायचं? काहीजण तर दुकानात शिरताना चप्पल काढू लागले. महिपत आतून मेल्याहून मेला व्हायचा आणि वरून नवा हार घालायचा.

उटनूरचा चंपत त्याच्याच उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, जुना दोस्त. तो मशीन मागायला मुद्दाम बसने आला.

"महिपत, मलेबी दाखव ना गड्या. आमच्या इकडं दवाखान्याचे फ्रिज लय हायेत."

"पूजेतलं हाय."

"मंग पूजा करूनच घेऊन जातो."

"नाई म्हनलं ना!" महिपत खेकसला. चंपत चहा न घेता निघून गेला.

शकुबाईने आतून ऐकलं होतं. ताट वाढताना तिने हळूच विचारलं, "अवो, तुमाले येत नाई का ते चालवता?" महिपतने ताट बाजूला सारलं आणि तिच्यावर असा ओरडला, की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पण तिला कळलंय, हे त्याला कळलं. त्यानंतर हळदकुंकू तोच वाहू लागला.

उन्हाळ्यात दिल्लीहून एक मॅडम आल्या. कराराप्रमाणे वागायला देशात कुठे काय जमतं आणि कुठे काय कमी पडतं, ते पाहत त्या जिल्ह्याजिल्ह्यात फिरत होत्या. मशीन महिपतकडे, म्हणून सगळ्या मेकॅनिकांना त्याच्याच दुकानात बोलावलं. चंपतही आला. राग धरून बसणारा माणूस नव्हता तो.

मॅडमनी हारात बुडालेलं मशीन पाहिलं. "चला के दिखाइए."

"मॅडमजी, आज अमावस है. हमारे में आज चालू नहीं करते."

अमावस्येला आठवडा होता. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली शकुबाई खाली पाहू लागली.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. स्टूल ओढून महिपतच्या समोर बसल्या. "मत दिखाइए. मैं परीक्षा लेने नहीं आई, क्या कमी रह गई वो जानने आई हूँ. सच बताइए, हैदराबाद में सब समझ में आया था?"

एवढ्या मायेने त्याला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. नाही, एवढा एक शब्द पुरे होता. शकुबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, सांगून टाका ना, असं. पण समोर सगळे मेकॅनिक बसले होते, बसस्टँडवर हार घालणारे.

"पूरा समझा," महिपत म्हणाला. "हम तो इधर सबको सिखाते."

मॅडमनी चंपतला विचारलं, "आपको सिखाया?"

चंपतने एकवार महिपतकडे पाहिलं.

"हां जी, अच्छा सिखाया."

मॅडमना बरं वाटलं. "बहुत बढ़िया. कई जगह लोगों को भाषा की मुश्किल आई. इधर मराठी में दुबारा ट्रेनिंग रखने वाले थे, नांदेड से मास्टर बुला के. अब जरूरत नहीं, दूसरे जिले को दे देंगे."

महिपतने ते ऐकलं. मॅडम जीपमध्ये बसल्या, त्याला नमस्कार केला, त्यानेही केला. जीप नागपूरच्या बाजूला गेली. बाकीचे मेकॅनिकही पांगले.

चंपत तेवढा मागे राहिला. त्याने महिपतच्या पाठीवर थाप मारली. "परक्या मानसाम्होरं दोस्ताची लाज राखा लागते बाप्पा. जाऊ दे मागचं. आता तरी शिकवतं का नाई मले?"

महिपतला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. शकुबाई ट्रे घेऊन तशीच उभी होती, चहा गार झाला होता.

"चंपत, मलेच येत नाई," तो म्हणाला. "तिथं काहीच समजलं नवतं मले. म्हनून तुलेबी देलं नाई."

चंपतचा हात पाठीवरून खाली आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर महिपतला सोसला असता.

"मंग त्या बाई मराठी मास्तर देतो म्हनत होत्या, तवा काऊन नाई बोलला? मी तं तुह्यासाठी खोटं बोललो. तू कोनासाठी बोलला?"