नाल्यावरचा कॅमेरा

गणेशने वरवट बकालहून फोटो करून आणला आणि आम्हा बापलेकांची जुंपली.

वंदनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. घरात तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा. त्यात ती चोरी करताना धरल्यासारखी दिसते. स्टुडिओवाल्याने तेवढंच मुंडकं कापून दुसऱ्याच बाईच्या धडावर बसवलं होतं. अंगावर जरीची साडी, गळाभर सोनं, मागे धबधबा.

"हे कोन बाई हाय बे?" मी विचारलं.

"आई हाय ना, बाबा."

"मानंच्या वर असंन. खाली कोन हाय?"

"आता सगळे असाच करतात. चांगला दिसते."

"तुले चांगला दिसते तं तू पूज. मी या बाईले हार घालणार नाई. माही वयख नाई तिच्याशी."

गणेश रागाने फ्रेम तिथेच टाकून वावरात निघून गेला. दारात सहदेव उभा होता. तो वनखात्यात रोजंदारीवर आहे. त्याने सगळं ऐकलं होतं.

"भाऊ, उद्या मॅडम येऊन राह्यल्या, अस्वलं दाखवाले," तो म्हणाला. "त्याईच्या कॅमेऱ्यात मानसंबी येतात. वहिनी तं रोज नाल्यावरून जायच्या. इचारून पाय ना एकदा."

मी उद्याची वाट पाहत बसलो.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वरचं जंगल विरळ झालं, डोंगरातले झरे माघातच आटतात, म्हणून अस्वलं खाली उतरतात. बोरं खातात, वारुळं फोडतात, उजाडायच्या आत परत चढतात. ती कोणत्या वाटेने येतात याचा अभ्यास करायला गेल्या वर्षी नागपूरहून पुष्पांजली मॅडम आल्या होत्या. पोरगी मेहनती. सहदेवला घेऊन उन्हात रान तुडवायची. झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायची. पुढून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो.

नाल्यावर कॅमेरा बांधायच्या आधी तिने ग्रामसभेत सरळ विचारलं होतं, "या वाटेवर माणसांची ये-जा आहे का?"

आमचे सरपंच माणिकराव म्हणाले, "कोनीच नाई, मॅडम. तिथं कोन जाते मरायले?"

सगळा गाव खाली पाहत राहिला. कारण सकाळी अख्ख्या गावातल्या बाया डबा घेऊन त्याच नाल्यावर जातात. घरोघरी सरकारी संडास आहेत. त्यांना पाणी नाही. कोणी त्यात गुरांचं कुटार भरलं आहे, कोणी कोंबड्या कोंडल्या आहेत. पण वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी आहे, आणि त्या पाटीसाठी माणिकरावाने तालुक्याला जाऊन फेटा बांधून घेतला होता. बाया नाल्यावर जातात म्हणावं तर फेटा उतरतो. म्हणून कॅमेरा नेमका बायांच्या वाटेवर बांधला गेला. आणि आम्ही बापे गप्प बसलो, कारण आम्हाला जायला दुसरी बाजू होती.

कॅमेरा हलवा म्हणून सांगायला वंदना माणिकरावाच्या दारात गेली होती. तो दात कोरत म्हणाला, "पाहू ना उद्या." त्याचा उद्या कधी येत नाही. खायाले कहर अन् भुईले भार, असा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाल्यावरून परत आली आणि मोरीवर कोपरापर्यंत हात घासत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"झाकला त्याचा डोया," ती म्हणाली. "शेनानं."

कॅमेरा बंद पडला. माणिकरावाने मॅडमला सांगितलं, माकडांनी केलं. मॅडमने कॅमेरा काढून दुसरीकडे नेला. पुढे भादव्यात वंदनाला ताप भरला. वरवटला नेली, शेगावला नेली, परत आणली ती झाकूनच. जास्त लिहीत नाही.

तर सहदेव सांगून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पुढे माणिकराव, मागे आम्ही, भिंतीला बाया. पांढऱ्या भिंतीवर अस्वलं आली. पिलं पाठीवर घेतलेली मादी आली. बोरीखाली उभं राहिलेलं अस्वल आलं. मॅडम समजावून सांगत होत्या, जंगल कुठे तुटलं, वाट कशी बदलली, माणसाने काय सांभाळावं. बोलत होत्या ते खरंच होतं. मग त्यांनी अस्वलाचा मोठा फ्रेम केलेला फोटो ग्रामपंचायतीला भेट दिला, आणि माणिकराव बोलायला उठला.

"अस्वल आपल्या गावाची शान हाय," तो म्हणाला.

याच शानीने सहदेवच्या भावाचं तोंड फाडलं, तेव्हा माणिकरावाने गाडी दिली नव्हती. सीटा खराब होतात म्हणाला होता. टाळ्या मात्र झाल्या. आमच्या गावात टाळ्यांना कमी नाही.

टाळ्या थांबल्यावर मी उठलो.

"मॅडम, मी इंद्रभान. मले माह्या बायकोचा फोटू पायजे. त्या नाल्यावर असंन."

"इंद्रभान अस्वलात बायको पाहून राह्यला बे," कोणीतरी म्हणालं, आणि सभा हसली.

मॅडम हसल्या नाहीत. "काका, माणसांचे फोटो आम्ही ठेवत नाही. कॉम्प्युटरच फोटो ओळखून वेगळे करतो आणि माणूस दिसला की तो फोटो पुसतो. बायकांचे फोटो कुठे जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे."

"बायकाईची येवढी कायजी होती तं त्याईच्या वाटेवर बांधला काऊन?"

"मला सांगितलं होतं, तिथे कोणी जात नाही."

त्यांनी माणिकरावाकडे पाहिलं. माणिकराव फ्रेमवरची धूळ पुसायला लागला. फ्रेम नवीकोरी होती.

मी खाली बसणार तेवढ्यात सहदेव हळूच म्हणाला, "मॅडम, तो शेनाचा? त्या कॅमेऱ्यातला शेवटचा?"

मॅडमचा चेहरा उतरला. "तो आहे," त्या म्हणाल्या. "तो पुसला गेला नाही. कॉम्प्युटरने त्याला अस्वल ठरवलं होतं. आम्ही ऑफिसात... आम्ही हसलो होतो त्याला. कोण आहे ते माहीत नव्हतं."

"दाखवा," मी म्हणालो.

भिंतीवर वंदना आली.

पुढे शेणाने भरलेला काळा पंजा, अर्ध्या भिंतीएवढा. त्याच्यामागे तिचं तोंड. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, दात आवळलेले. डोळे असे, की समोरच्याने आपल्या मायचं नाव विसरावं. मी उशिरा घरी आलो की हेच डोळे दारात असायचे. दुसऱ्या हातात डबा होता.

सभेत कोणी हसलं नाही. डबा सगळ्यांना दिसला होता. माणिकरावालाही.

"मॅडम, हे पुसा आत्ताच," तो उठून म्हणाला. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. अन् तुमचा नियमच हाय ना. मानूस दिसला की पुसायचा."

मॅडम अडखळल्या. "नियम तोच आहे," त्या म्हणाल्या. "आता ओळख पटलीय, म्हणजे खरं तर..." त्यांचा हात कॉम्प्युटरकडे गेला.

एकदा तिला जाळून आलो होतो. आता हे पोरीचं एक बोट, की दुसऱ्यांदा गेली.

"थांबा," मी म्हणालो. "तुमच्या मशीननं तिले अस्वल म्हनलं ना? हाव का नाई?"

"हो."

"अन् अस्वलाचे फोटू तं तुम्ही वाटूनच राह्यल्या. सरपंचाले त्याचं अस्वल देल्लं. मले माहं द्या."

"इंद्रभान, शाना नोको बनू," माणिकराव ओरडला. "सरकारी सामान खराब केलं तुह्या बायकोनं. केस होईन."

"माकडानं केलं म्हने ना? तुम्हीच सांगतलं होतं."

"त्या डब्यानं गावाचं नाक कापलं जाईन."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. माणिकरावाची बायको गीताबाई. ती चारचौघांत कधी बोललेली मला आठवत नाही.

"नाक कायचं कापता?" ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "मी होती तिच्या मांगं. माह्याबी हातात डबा होता. ते शेन आपल्याच गोठ्यातलं होतं, मीच देल्लं."

"तू चूप बस," माणिकराव म्हणाला.

"चूपच होती. पानी नाई आणलं अन् पाटी आणली, तरी चूप होती. मॅडम, त्या बाईचा फोटू तिच्या मानसाले द्या. तिच्या घरचा हाय तो."

बाकीच्या बायांमधली एकही उठून गेली नाही.

मॅडमने हात मागे घेतला. "अस्वलांच्या मोजणीतून मी यांना काढते," त्या म्हणाल्या. "ते चुकलंच होतं. पण फोटो घरच्या माणसाला देऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. पाठवते, काका. आणि ऑफिसात भिंतीवर लावलाय, तो काढायला सांगते."

"तो राहू द्या," मी म्हणालो. "तिथंबी थोडा धाक पायजे."

फोटो सहदेवच्या हाती आला. गणेशने आधी बराच वेळ पाहिला, मग खिळा ठोकला. हार मी घातला.

वर्षश्राद्धाला गाव आलं. जो फोटोसमोर नमस्काराला वाके, तो आधी तोंड जरा बाजूला घेई. शिकलेलेही आणि न शिकलेलेही. मला तेवढंच बरं वाटलं.

माणिकरावही आला. फुकटची पंगत तो सोडत नाही. गीताबाईने त्याचं पान फोटोच्या अगदी समोर मांडलं. तो खाली मान घालून भराभर जेवत होता, आणि वंदना वरून हात उगारून उभी होती.

मी जवळ गेलो आणि आग्रह करून त्याला आणखी एक पोळी वाढली.